बुरशीच्या टाकीतली शर्यत

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024 मध्ये सहा आठवड्यांच्या आत तीन बातम्या आल्या. त्यातली शेवटची सगळ्यांच्या लक्षात राहिली. 16 नोव्हेंबरला ओडिशाच्या किनाऱ्यालगतच्या डॉ. एपीजे अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओने लांब पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी केली. दीड हजार किलोमीटरहून अधिक पल्ला, आवाजाच्या पाचपटीहून अधिक वेग. मोजक्या देशांच्या पंगतीत भारत जाऊन बसला, अशी पहिल्या पानावर चर्चा झाली. ती व्हायलाही हवी होती.

त्याआधी, 29 ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी पंतप्रधानांनी आरोग्यक्षेत्रातल्या अनेक प्रकल्पांची उद्घाटने दूरदृश्य प्रणालीवरून केली. त्या लांबलचक यादीत आंध्र प्रदेशातल्या काकीनाडाचा एक कारखाना होता. तिथे उंच पोलादी टाक्यांमध्ये बुरशी वाढवतात आणि तिच्यापासून पेनिसिलिन-जी काढतात. वर्षाला 15 हजार टन, अशी त्याची क्षमता. ही बातमी अर्थविषयक पानांच्या पलीकडे फारशी गेली नाही.

तिसरी बातमी त्याहूनही लहान. त्याच ऑक्टोबरात औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती 50 टक्क्यांनी वाढवायला परवानगी दिली. या किमतीत बनवणे परवडत नाही, असे उत्पादक सांगत होते. त्या आठांत बेंझिल पेनिसिलिनचे इंजेक्शन होते.

देशांच्या तंत्रज्ञानाच्या शर्यतीचा हिशेब मांडताना क्षेपणास्त्रे, उपग्रह, लढाऊ विमानांची इंजिने आणि हल्ली चिप धरल्या जातात. पेनिसिलिन कोणी धरत नाही. ते औषधाच्या दुकानातले, आजीच्या काळातले, काही रुपयांचे औषध. पण एकेकाळी हेच युद्धतंत्रज्ञान होते, रडारच्या तोडीने जपलेले. भारताने ते स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांत पुण्याशेजारी हस्तगत केले आणि पुढे कोणत्याही युद्धाशिवाय गमावले. ते कसे मिळाले आणि कसे गेले, हे क्षेपणास्त्रांच्या बातम्या वाचणाऱ्यांनीही पाहण्यासारखे आहे.

शालेय पुस्तकांनी लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातली 1928 सालची ती बशी आणि अलेक्झांडर फ्लेमिंग हे चित्र डोक्यात पक्के बसवले आहे. बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळलेले फ्लेमिंगला दिसले, 1929 मध्ये त्याने निबंध छापला. तो निबंध जर्मनीत, जपानमध्ये, अमेरिकेत, कुठेही वाचता येत होता. शोध उघड्यावर पडून होता आणि दहा वर्षे त्याचे औषध कोणालाही करता आले नाही. बुरशीच्या रसातला तो पदार्थ इतका अल्प आणि इतका नाजूक होता की वेगळा काढायला गेले की नाहीसा व्हायचा.

ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी हे काम हाती घेतले तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. 25 मे 1940 रोजी, शनिवारी, आठ उंदरांना घातक जिवाणू टोचले गेले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिले गेले. रविवारच्या पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते. त्याच रविवारी इंग्लिश खाडीपलीकडे डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश फौजा माघारी आणायला सुरुवात झाली. जर्मन उतरले तर प्रयोगशाळा नष्ट करायची आणि बुरशी मात्र वाचवायची, म्हणून या संशोधकांनी आपल्या कोटांच्या अस्तराला तिचे बीजाणू चोळून ठेवले होते.

त्यांच्याकडे बुरशी होती, कारखाना नव्हता. हीटलीने रुग्णालयातल्या बेडपॅनमध्ये ती वाढवली, नंतर तशाच आकाराची मातीची भांडी घडवून घेतली. फेब्रुवारी 1941 मध्ये जिवाणूसंसर्गाने मरणपंथाला लागलेल्या एका पोलिसाला हे औषध दिले. तो सुधारू लागला. साठा इतका थोडा होता की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा त्यालाच टोचले गेले. काही दिवसांत तेही संपले. मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडते हे सिद्ध झालेले आणि औषधच संपलेले, अशी ही अवस्था. बाँबवर्षावाखालच्या ब्रिटनमधल्या कंपन्यांकडे नवी टाकी उभारायला पैसा नव्हता आणि पोलादही नव्हते.

जुलै 1941 मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. तिथे त्यांची गाठ पडली ती इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या शेतकी प्रयोगशाळेशी. मक्याच्या पट्ट्यातली ही प्रयोगशाळा शेतमालाचा औद्योगिक उपयोग शोधायची. मका भिजवून स्टार्च काढल्यावर जे आंबूस पाणी उरते त्याचे काय करायचे, हा तिच्यापुढचा जुनाच प्रश्न. तेच पाणी बुरशीला घातले तर पेनिसिलिन कित्येक पटींनी वाढले. 1943 मध्ये त्याच गावच्या बाजारातून आणलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक जोमदार वाण सापडला. तो क्ष-किरणांखाली, मग अतिनील किरणांखाली ठेवून त्यातून आणखी चांगले वाण निवडले गेले. ब्रुकलिनमध्ये फायझर कंपनीने बर्फाचा एक जुना कारखाना विकत घेतला आणि मार्च 1944 मध्ये तिथे खोल टाक्यांमध्ये पेनिसिलिन बनू लागले.

आकडे पाहिले की या धावपळीचा वेग कळतो. 1943 मध्ये अमेरिकेत 21 अब्ज युनिट पेनिसिलिन बनले, 1944 मध्ये 1,663 अब्ज, 1945 मध्ये 6,800 अब्जांहून अधिक. जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजांसाठी पुरेसा साठा तयार होता. अणुबाँबच्या प्रकल्पावर चित्रपट निघतात. या प्रकल्पावर निघत नाहीत, कदाचित टाकीतला फेस पडद्यावर तितका देखणा दिसत नसावा.

इथे खासगी कंपन्यांच्या हुशारीचे कौतुक करून थांबायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्या हुशारीखाली सरकारने जमीन घातली होती. एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या कंपन्यांना माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली गेली. उत्पादनाचे वाटप सरकारच्या हातात होते, लष्कर हे हुकमी गिऱ्हाईक होते. सहा कारखाने तर सरकारने स्वतःच्या पैशाने बांधले आणि युद्धानंतर ते कंपन्यांना निम्म्याहून कमी किमतीत विकून टाकले. बनवलेला माल उद्या कोण घेणार, ही धास्ती उत्पादकाच्या डोक्यावर नव्हती. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

शत्रुपक्षालाही पेनिसिलिन हवे होते. 1943 च्या अखेरीस आय-8 ही जपानी पाणबुडी जर्मनीच्या ताब्यातल्या फ्रेंच बंदरावरून अर्धी पृथ्वी पालथी घालून परतली. तिने आणलेल्या सामानात एक जर्मन वैद्यकीय नियतकालिक होते आणि त्यात पेनिसिलिनवरचा आढावा. तेवढ्या आधारावर फेब्रुवारी 1944 मध्ये जपानी लष्कराने समिती नेमली आणि वर्ष संपण्यापूर्वी जपानने स्वतःचे पेनिसिलिन बनवले. उत्पादनाचा काही भार मोरिनागा या मिठाई आणि दुग्धपदार्थ बनवणाऱ्या कंपनीने उचलला. एका लेखावरून दहा महिन्यांत औषध, ही कामगिरी थक्क करणारी आहे. तरी युद्धाच्या गरजेपुढे त्या औषधाचे प्रमाण नगण्यच राहिले. लेख पाणबुडीतून आला, टाकी येऊ शकत नव्हती.

ही टाकी म्हणजे नेमके काय? घरी इडलीचे पीठ आंबवणाऱ्या कोणालाही तिचे तत्त्व समजेल. अडचण आकारात आहे. बुरशीला हवा लागते, म्हणून ती पृष्ठभागावर वाढते. हजारो लिटरच्या टाकीत तळापर्यंत बुरशी वाढवायची तर तळापर्यंत हवा पोचवावी लागते आणि ती हवा पूर्ण निर्जंतुक असावी लागते. बाहेरचा एखादा जिवाणू आत शिरला तर तो पेनिसिलिन तोडणारे विकर सोडतो आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. हवा फुंकली की फेस येतो. ढवळले की उष्णता वाढते. साखर एकदम घातली तर बुरशी खाऊन माजते आणि पेनिसिलिन बनवायचे सोडून देते, म्हणून तिला अर्धपोटी ठेवून थेंबाथेंबाने भरवावे लागते. शेवटी रस गाळून आम्ल घालून द्रावकात पेनिसिलिन ओढून घ्यायचे असते. पण आम्लात ते काही मिनिटांतच बिघडू लागते. त्यामुळे थंडावा आणि गती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. त्यासाठी वेगाने फिरणारे खास यंत्र लागते. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पूर्व युरोपात पेनिसिलिनचे कारखाने उभे राहू लागले तेव्हा अमेरिकेने हेच यंत्र तिकडे जाऊ दिले नाही. शीतयुद्ध सुरू झाले होते. नव्वदच्या दशकात क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाकडून भारताला मिळू नये म्हणून जे घडले, त्याची ही चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधीची आवृत्ती.

आणि एकदा टाकी चालू झाली की काम संपत नाही. ऑक्सफर्डच्या बुरशीपासून मिलीलिटरला एक-दोन युनिट पेनिसिलिन मिळे. आजच्या औद्योगिक वाणांपासून ते पन्नास हजार युनिटांच्या वर मिळते. मधे कोणताही एक मोठा शोध लागलेला नाही. दर वर्षी थोडा बरा वाण, थोडे कमी पाणी, थोडी कमी वीज, असे ऐंशी वर्षे चालत आले आहे. यातले बरेच काही पेटंटमध्ये उतरत नाही. ते पाळीवर उभ्या असलेल्या माणसांच्या सवयींमध्ये असते. जो दहा वर्षे थांबला तो दहा वर्षे मागे पडत नाही, तो बाजारातूनच बाहेर जातो, कारण त्याचा एक किलो दुसऱ्याच्या किलोच्या दुप्पट किमतीला पडू लागतो.

पिंपरीत नेमके हेच घडले. पिंपरी-चिंचवडमध्ये 'एच.ए. कंपनी' कुठे आहे हे अजूनही रिक्षावाल्याला सांगावे लागत नाही, जरी तिथे काय बनायचे हे नव्या रहिवाशांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही देशातली पहिली सरकारी औषध कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली आणि 1955 मध्ये तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण दिले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिबसिंग सोखी यांच्यासारखे लोक त्याआधी कितीतरी वर्षे औषधे देशातच बनावीत म्हणून झगडत होते. ज्या काळात पेनिसिलिनची यंत्रे शीतयुद्धाच्या बंदीयादीत जात होती त्या काळात, गुप्तता न ठेवता ज्ञान वाटून घ्यावे या विचाराने, हा कारखाना उभा राहिला. पिंपरीची औद्योगिक वसाहत पुढची. तिथले मोटारींचे कारखानेही पुढचे. आधी बुरशी आली.

नुसती बुरशीही नव्हे. एम. जे. थिरुमलाचार यांच्या संशोधन गटाने पिंपरीतच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. त्या नावातली 'एच' आणि 'ए' ही अक्षरे कंपनीची. गरीब, नव्याने स्वतंत्र झालेला देश दुसऱ्याने दिलेल्या तंत्रावर औषध बनवतो आणि दहा वर्षांच्या आत स्वतःचे नवे औषध शोधतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

पिंपरीनंतर तीनच वर्षांनी, 1958 मध्ये, चीनमध्ये बीजिंगच्या नैऋत्येला शिजियाझुआंग शहरात पेनिसिलिनचा सरकारी कारखाना सुरू झाला. तंत्र सोव्हिएत रशियाचे. दोन्ही देशांची सुरुवात जवळपास एकाच रेषेवरून झाली. उलट भारताचे पाऊल थोडे पुढेच होते आणि मदत अधिक मोकळी होती. आज शिजियाझुआंग हे जगातल्या प्रतिजैविकांच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. पिंपरीची कंपनी 1997 मध्ये आजारी उद्योग म्हणून नोंदली गेली आणि 2016 च्या अखेरीस देणी भागवण्यासाठी तिची जादा जमीन विकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली.

मधे काय झाले, याची उत्तरे लोक आपापल्या राजकीय आवडीप्रमाणे देतात. कोणी सरकारी कंपनीच्या सुस्तीवर बोट ठेवतो, कोणी उदारीकरणावर, कोणी चीनच्या लबाडीवर. प्रत्येकात तथ्य आहे. सरकारी खात्याच्या शिस्तीत यंत्रे वेळेवर बदलली गेली नाहीत, किमती मात्र सरकारने बांधून ठेवल्या. नव्वदच्या दशकात आयातशुल्क उतरले. चीनमध्ये प्रांतिक सरकारांनी स्वस्त जमीन, वीज आणि कर्ज देऊन प्रचंड टाक्या उभ्या करू दिल्या, सांडपाण्याकडे डोळेझाक केली आणि देशात खपेल त्याहून कितीतरी अधिक माल बनवला. पण पिंपरीच्या सुस्तीने सगळे समजत नाही, कारण गुजरात आणि तमिळनाडूतल्या चपळ खासगी कंपन्यांचे पेनिसिलिनचे कारखानेही याच लाटेत बंद पडले.

त्यांनी मूर्खपणा केला असे म्हणता येणार नाही. चीनकडून पेनिसिलिन-जी किंवा त्याच्या पुढच्या पायरीवरचा 6-एपीए हा पदार्थ घ्यायचा आणि त्याचे अमॉक्सिसिलिन करून जगाला विकायचे, यात नफा जास्त होता आणि दुर्गंधी कमी. त्या स्वस्त कच्च्या मालावरच भारत 'जगाचे औषधालय' झाला, तालुक्याच्या गावातल्या मेडिकलमध्ये अमॉक्सिसिलिनची पट्टी परवडू लागली. वाचलेला पैसा खरा होता. फक्त त्या हिशेबात एक रकाना नव्हता. पुरवठादाराने उद्या हात आखडला तर काय, या प्रश्नाची किंमत कोणाच्याच वहीत लिहिलेली नव्हती. कंपनीने ती लिहावी अशी अपेक्षाही चूक आहे. तो रकाना सरकारचा.

या रकान्याची आठवण सरकारला अधूनमधून होत राहिली. डॉ. व्ही. एम. कटोच यांच्या समितीने 2015 मध्ये अहवाल दिला, ते वर्ष औषधांच्या कच्च्या मालाचे वर्ष म्हणून जाहीरही झाले. 2017 मध्ये डोकलाममध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली तेव्हा पुन्हा चर्चा झाली. जाग आली ती 2020 मध्ये. करोनामुळे चीनचा हुबेई प्रांत बंद झाला आणि 3 मार्चला भारताला 26 औषधे आणि त्यांच्या कच्च्या मालाच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, कारण पुढचा माल येईल की नाही याची खात्री नव्हती. त्याच महिन्यात 6,940 कोटी रुपयांची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आली. काकीनाडाचा कारखाना त्या योजनेचे फळ.

या बाबतीत अमेरिकेची अवस्था काही निराळी नाही. ज्या देशाने 1944 मध्ये पेनिसिलिनचा पूर आणला त्याच्या भूमीवरचा शेवटचा मोठा पेनिसिलिन कारखाना 2004 मध्ये बंद झाला. युरोपात ऑस्ट्रियातल्या कुंडल या छोट्या गावातला एक मोठा कारखाना उरला. 2020 मध्ये तो टिकवण्यासाठी 15 कोटी युरोंची गुंतवणूक जाहीर करावी लागली, त्यातले 5 कोटी ऑस्ट्रियाच्या सरकारने घातले. विमानवाहू नौकांच्या ताफ्यावर अफाट खर्च करणारे देश घसादुखीच्या औषधासाठी ज्याला प्रतिस्पर्धी मानतात त्याच्याच टाकीवर विसंबून आहेत.

काकीनाडाचा कारखाना सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय बाजारात पेनिसिलिन-जीचा भाव घसरला. नवा खेळाडू मैदानात आला की जुन्याने भाव पाडायचा, ही बाजाराची जुनी रीत आहे. नव्वदच्या दशकात हेच पाहिले होते. मग किमान आयातमूल्य ठरवा, म्हणजे ठरावीक भावाच्या खाली परदेशी माल येऊच देऊ नका, अशी मागणी पुढे आली. ती समजण्यासारखी आहे, पण हा उपाय धोक्याचा आहे. पेनिसिलिन-जी विकत घेऊन पुढची औषधे बनवणाऱ्या लहान कंपन्या हिमाचलमधल्या बद्दीपासून गुजरातपर्यंत पसरल्या आहेत. त्यांचा कच्चा माल महागला की एकतर त्या बंद पडतील किंवा गोळी महागेल. देशाच्या सुरक्षेची किंमत आजारी माणसाच्या खिशातून वसूल करणे हा सर्वात सोपा आणि सर्वात अन्यायाचा मार्ग. शिवाय भिंतीआड सुरक्षित झालेला उत्पादक वाण सुधारायची तसदी घेत नाही. पिंपरीला बाजाराची झळ बसत नव्हती, तेव्हाच तिथली यंत्रे जुनी होत गेली.

1943-44 मध्ये अमेरिकेने केले ते करायला हवे. सरकारने गिऱ्हाईक व्हावे. लष्कराची वैद्यकीय सेवा, रेल्वेची रुग्णालये, कर्मचारी राज्य विमा योजना आणि राज्यांची रुग्णालये मिळून पेनिसिलिन गटातल्या औषधांचे देशातले फार मोठे ग्राहक आहेत. त्यांनी ठरावीक हिस्सा देशात आंबवलेल्या पेनिसिलिनपासून बनलेलाच घेऊ, तोही पाच-सात वर्षांच्या करारावर, असे ठरवले तर भावातला फरक तिजोरी सोसेल. दुकानातली गोळी महागणार नाही. करारात दरवर्षी किंमत थोडी उतरवण्याची अट घालता येते, म्हणजे वाण सुधारणे भाग पडते. संरक्षण खात्याला तोफगोळ्यांचा कारखाना शांततेच्या काळातही चालू ठेवावा लागतो, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. पेनिसिलिनची टाकी तर शांततेतही रोज उपयोगी पडते.

वाणाचा प्रश्न प्रयोगशाळेचा आहे आणि तिथे महाराष्ट्राला संधी आहे. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे. पेनिसिलिनपासून 6-एपीए बनवायला लागणाऱ्या विकरावर तिथे दीर्घकाळ संशोधन झाले. पिंपरीची जागा तिथून हाकेच्या अंतरावर. वाण-सुधारणेचे काम प्रतिष्ठेच्या नियतकालिकांत झळकत नाही, त्यातून पीएच.डी.ही सहज होत नाही. म्हणून ते मागे पडते. त्यासाठी वेगळा, लांब मुदतीचा पैसा लागेल. प्रोत्साहन योजनेतला पैसा विक्री झाल्यावर मिळतो, त्यातून दहा वर्षांनी फळ देणारी बुरशी कोणी शोधत बसणार नाही.

सांडपाण्याचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे धक्कादायक प्रमाण 2007 मध्ये स्वीडिश संशोधकांनी मोजले, तेव्हापासून या विषयावर भारताची मान खाली आहे. नदीत औषध सोडले की औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. मग कितीही टाक्या असल्या तरी उपयोग नाही. चीनच्या स्वस्ताईतला एक भाग नदीने भरला होता. तसाच स्वस्त माल भारतात बनवायचा झाला तर नदी फक्त बदलेल.

या सगळ्याची सर्वात जास्त झळ कोणाला बसते? लहानपणी घसा दुखण्याकडे दुर्लक्ष झाले, त्यातून रुमॅटिक ताप आला आणि हृदयाच्या झडपा खराब झाल्या, अशी मुले भारतात आजही मोठ्या संख्येने आहेत, बहुतेक गरीब घरांतली. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे 12 लाख युनिटांचे इंजेक्शन घ्यावे लागते, निदान वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, काहींना चाळिशीपर्यंत. इंजेक्शन चुकले तर पुन्हा ताप, पुन्हा झडपेवर घाव आणि मग लाखोंची शस्त्रक्रिया. गेल्या दशकात या औषधाचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा त्याचा मूळ पदार्थ बनवणारे जगात अवघे चारच असल्याचे आढळले. तीन चीनमध्ये, एक ऑस्ट्रियात. पेटंट केव्हाच संपलेले, तंत्र सत्तर वर्षे जुने, रोगी लाखो, पण नफा इतका कमी की पाचवा कोणी पुढे आला नाही.

काकीनाडातल्या टाकीत बनते ते पेनिसिलिन-जी. त्यापासून बेंझाथिन पेनिसिलिन करायचे तर पुढे आणखी एक निर्जंतुक प्रक्रिया लागते. ती उभारणे क्षेपणास्त्राच्या मानाने किरकोळ काम आहे. मात्र ती उभारण्याआधी कोणताही उत्पादक विचारील की हे औषध दरवर्षी किती आणि कोणत्या भावाने घेणार. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांसाठी औषधखरेदी करायला 2023 पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. इतर अनेक राज्यांतही अशी महामंडळे आहेत. त्यांनी एकत्र बसून बेंझाथिन पेनिसिलिनची पाच वर्षांची मागणी एका कागदावर लिहिली आणि तो कागद निविदा म्हणून बाहेर पडला, तर त्या उत्पादकाला उत्तर मिळेल.